हरलेल्यानं पिसायचं

आप्पा, मी पत्ते शिकते आहे. तुमच्या मेंढीकोटाचे नाहीत, पोकर नावाचा खेळ आहे. नागापूरच्या कारखान्यात स्टोअरमध्ये दिवसभर नटबोल्टांचा हिशेब ठेवायचा, बोल्हेगावला घरी यायचं, कुकर लावायचा आणि जेवणं झाली की टेबल पुसून मुलासमोर बसायचं, असं गेले काही महिने चाललं आहे. हा तुमचा नातू तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. माझ्या घरात पत्त्यांचा जोड येऊ द्यायचा नाही हे मात्र मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि का ठरवलं ते तुम्हाला वेगळं सांगायची गरज नाही. इतकी वर्षं ते पाळलं. लग्नघरी बायका रमी खेळायला बसल्या तरी मी भांडी घासायचं निमित्त काढून उठायची. आता मीच संध्याकाळ कधी होते याची वाट बघते, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मुलगा डिप्लोमा करून एमआयडीसीतच एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला आहे. उंची तुमची, चालणं तुमचं, आणि कानही तुमचेच, मोठे, बाहेर आलेले. एका रविवारी तो बाहेरून आला आणि ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसला. मी वर पाहिलं तर त्याचे दोन्ही कान लालबुंद. ताप नव्हता, ऊन लागलं नव्हतं. मी हातातली पळी खाली ठेवली. असे कान मी आयुष्यात एकाच माणसाचे पाहिले होते. विचारलं तर त्यानं काही लपवलं नाही, उलट उत्साहानं सांगायला लागला. मोबाईलवरचं पैशांचं खेळणं बंद झालं, म्हणून चार पोरं सावेडीला एकाच्या फ्लॅटवर जमतात. "अगं आई, हा जुगार नाही. डोक्याचा खेळ आहे. मी अजून नवीन आहे, म्हणून हरतो. नवीन माणूस हरणारच." दिवाळीत तिथं मोठी बैठक होणार होती, पुण्याहून कोणी येणार होते, आणि हा आपला पहिला बोनस घेऊन बसणार होता. हे त्यानं मला अशा थाटात सांगितलं की जणू परीक्षेला बसणार आहे.

त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत, गाडी मुक्कामी असली की दुसऱ्या दिवशी घरी. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "कमावता झालाय, अडवून अडणार आहे का?" ते खरं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. ओरडावं तर तो दुसऱ्या दिवसापासून सांगायचं बंद करणार. रडावं तर तो पाया पडून शपथ घेणार आणि मग फ्लॅटवर जाणार. त्या आठवड्यात माझ्या हातून कामावर दोनदा चुकीचा माल गेला. शेवटी मी त्याला म्हटलं, "मला शिकव." तो हसला. मी म्हटलं, "हसू नकोस. दिवाळीच्या आत मी तुला हरवलं, तुझ्यापुढचं सगळं घेतलं, तर तू त्या बैठकीला जायचं नाही. नाही जमलं, तर मी एक अक्षर बोलणार नाही." तो आणखी हसला आणि टाळी द्यायला हात पुढे केला. आपल्या आईला मेंढीकोटसुद्धा येतं हे त्याला कधी कळलेलंच नव्हतं. पैसे मध्ये आणायचे नाहीत ही माझी अट. साहेबांना विचारून भंगारातले वायसर आणले, लहान, मधले, मोठे, आणि ते समान वाटून घेतले.

खेळ सोपा आहे आप्पा, तुम्हाला एका बैठकीत आला असता. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते फक्त त्याचे. मध्ये पाच पत्ते सगळ्यांसाठी, एकेका टप्प्यानं उघडायचे. या सातातून ज्याचा चांगला डाव जमेल तो जिंकला. मध्ये मध्ये बोली वाढवायची, आणि नको वाटलं तर आपले दोन पत्ते टाकून त्या डावातून निघून जायचं. सोपं, पण मला ते निघून जाणंच जमेना. मेंढीकोटात एकदा पानं वाटली की शेवटचं पान पडेपर्यंत बसायचं असतं, हातात काही असो नसो. मधूनच पानं टाकून देणं मला वाढलेल्या ताटावरून उठल्यासारखं वाटे. त्यामुळे मी प्रत्येक डाव खेळायची आणि प्रत्येक डावात माझे वायसर त्याच्याकडे जायचे. दुसरी खोड त्याहून वाईट. हातात दश्शी आली की मला ती सोडवत नसे. त्या खेळात दश्शीला कवडीची किंमत नाही, गुलामसुद्धा तिच्या डोक्यावर बसतो. पण चार दश्श्या गोळा केल्या की जिंकलो, हे तुम्ही माझ्या हाडांत घातलेलं. चौकटची दश्शी आणि सोबत दुरी, असला कचरा धरून मी शेवटपर्यंत बसायची. मुलानं चार दिवस पाहिलं आणि मग म्हणाला, "आई, तुला दश्शी आली की तू ओढणी नीट करतेस. रोज. मला पत्ते बघायचीसुद्धा गरज पडत नाही."

ते ऐकून मला शिंगणापूरचं आपलं घर दिसलं. दुपारची वेळ आहे, शनिवार नाही म्हणून रस्त्यावर गर्दी नाही. दुकानात तेलाचे डबे, काळे तीळ, रुईच्या माळा, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तुम्ही घरात ओसरीवर पोतं टाकून बसला आहात. चौकटीला दार नाही, कधीच नव्हतं, रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून फक्त एक फळी आडवी लावायची. येणारा-जाणारा पत्ते बघून जातो आणि तुम्हाला सल्ला देतो. तुमची भिडू मी. समोर शेजारचे काका आणि त्यांची मुलगी. हुकूम तुमचा आहे, आणि मी हातची दश्शी भलत्या वेळी टाकते, काका ती उचलतात आणि मेंढी घेतली म्हणून मांडीवर थाप मारतात. मी हातातली उरलेली पानं भिंतीवर फेकते. तुम्ही मारत नाही. तुम्ही मला सगळी पानं गोळा करायला लावता, पोत्याखालचीसुद्धा, आणि म्हणता, "हरलेल्यानं पिसायचं. आन् नीट पिसायचं. पत्त्याचा आवाज येतोय तवर तुझा राग हाय. आवाज गेला की वाट." मी पिसत बसते. पानं चटाचटा वाजतात. काका जांभई देतात. तुम्ही तंबाखू मळत माझ्या हातांकडे बघत राहता. खूप वेळानं पानं हातात मऊ होतात, आवाज जातो, आणि तुम्ही नुसतं "हां" म्हणता.

ते "हां" मी या टेबलावर पुन्हा शोधून काढलं. हरण्याच्या संध्याकाळी काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं असेल तर तुम्हीच. सुरुवातीला मी हरले की लगेच म्हणायची, "वाट पुन्हा." पुन्हा हरायची, अजून वाईट. डोळ्यांसमोरचे पत्तेच दिसायचे नाहीत, फक्त गेलेले वायसर दिसायचे. मग मी उठून स्वयंपाकघरात ओट्याशी जायला लागले आणि जोड पिसत उभी राहायला लागले. आवाज जाईपर्यंत टेबलाशी परत जायचं नाही. मुलगा बाहेरून ओरडायचा, "आई, झोपलीस का?" आवाज जायला कधी कधी चहा उकळून आटेल इतका वेळ लागायचा. पण परत आले की मला निदान त्याचा चेहरा दिसायचा.

मग मी पत्ते टाकायला शिकले, आणि इतकी शिकले की दुसऱ्या टोकाला गेले. वाईट पत्ते टाकले, बरे टाकले, चांगलेही टाकायला लागले. दोघांत खेळताना असं चालत नाही, कारण प्रत्येक डावाला थोडे वायसर आधीच मध्ये ठेवावे लागतात. बसल्या जागी, काही न खेळता, माझी रास कमी होत गेली. "तू घाबरून खेळतेस," तो म्हणाला. घाबरूनच खेळत होते. त्याला वाटलं मी हरायला घाबरते. मला दिवाळी जवळ येताना दिसत होती. रस्त्यात आकाशकंदील टांगायला लागले तशी माझी झोप उडाली. फ्लॅटचा जिना मी कधी पाहिला नव्हता, पण मुलगा तो चढताना मला रोज दिसायचा. एकदा फार हरले तेव्हा त्यानंच माझी समजूत काढली, "आई, चांगलं खेळूनही माणूस हरतो. आपला निर्णय बरोबर होता का एवढंच बघायचं. पत्ते आपल्या हातात नसतात." शिकणाऱ्याला हे अगदी बरोबर सांगणं आहे, मला त्याचा उपयोगही झाला. पण मी हातातले पत्ते खाली ठेवले. हे एक वाक्य खिशात असलं की माणूस जन्मभर हरत राहील आणि त्याला कधी उठावंसं वाटणार नाही.

तुम्हाला काय वाटायचं हो आप्पा, श्रीरामपूरला त्या बैठकीत? तेल आणायला टेम्पो घेऊन गेलात, सोमवारी येणार होतात, बुधवारी आलात. टेम्पो रिकामा. डबेसुद्धा परत आणले नाहीत. "माल मिळाला न्हाई," म्हणालात, आणि तुमचे कान असे लाल होते की मी तिकडेच बघत राहिले. अमावस्येचा शनिवार तोंडावर होता आणि दुकानात घालायला तेल नव्हतं. आई काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा पायात चपला घातल्यात तेव्हाही नाही. दुसऱ्या कुठल्या गावात बायकोनं कडी लावली असती, कुलूप घातलं असतं. आपल्या घराला दारच नाही, ती काय लावणार? तिनं आपली वाकळ उचलली आणि चौकटीत आडवी अंथरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, भर सकाळी, सगळी आळी बघत असताना, आणि तिच्यावर झोपली. म्हणाली, "जायाचं आसंल तर मला वलांडून जावा." झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नसतं, हे आपण लेकराच्या बाबतीतसुद्धा पाळतो. तुम्ही एक पाय उचललात. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते, हातात पिठाची परात होती. तो पाय किती वेळ वर होता मला सांगता येणार नाही. मग तुम्ही तो मागे घेतलात, चपला काढल्यात आणि आत जाऊन बसलात. पावसाळा संपेपर्यंत आई तिथंच झोपायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाया विचारायच्या, "उकडतंय व्हय गं?" ती म्हणायची, "लई उकडतंय."

मला राग येतो, आज येतो. मला पिसायला तुम्ही शिकवलंत. हरल्यावर थांबायचं, हात शांत होऊ द्यायचे, हे सगळं तुम्हाला येत होतं. येत असूनही तुम्ही तिथं दोन दिवस बसून राहिलात. म्हणजे येण्याचा काही उपयोग नसतो का? मी मुलाला शिकवू शकेन अशा ज्या ज्या गोष्टी आहेत, त्या सगळ्या तुम्हाला माहीत होत्या. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही दुपारीच बसलो. त्याचे वडील ड्यूटीवर, बाहेर कुणीतरी जिन्यावर रांगोळीचे ठिपके काढत होतं. आज शेवटचं असं दोघांनाही ठाऊक होतं. सुरुवातीला मी एक मोठा डाव सोडून दिला, हातात दोन दश्श्या असताना. मध्ये राजा आणि एक्का उघडा पडला होता आणि तो जोर लावत होता. दोन दश्श्या, आप्पा. मी त्या उलट्या टाकल्या आणि ओढणीला हात लावला नाही. त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. नंतर त्याचे दोन डाव लागोपाठ गेले, दुसरा तर शेवटच्या पत्त्यावर गेला, चूक त्याची काही नव्हती. मी म्हटलं, "चहा टाकू?" तो म्हणाला, "नको. वाटतो मी." मी वर पाहिलं. कान लाल व्हायला लागले होते. पत्ते पिसण्याची पाळी त्याची होती आणि पत्ते चटाचटा वाजत होते.

तेव्हा मला थांबता आलं असतं. आई म्हणून चहा करायला उठले असते तर तो निवळला असता, त्याला समज आहे. मी उठले नाही. माझ्या हातात दोन चव्व्या आल्या. मध्ये दश्शी, राणी आणि तिसरी चव्वी उघडली. तीन चव्व्या झाल्या होत्या माझ्याकडे, कुठल्याही जोडीला भारी, आणि त्याला त्या दिसण्याचा काही मार्ग नव्हता. मी ओढणी नीट केली. सावकाश, खांद्यावर, रोज करते तशी. त्याच्या डोळ्यांत लगेच चमक आली. त्याच्या हातात राणी होती, म्हणजे मधलीशी जोडी झाली, आईजवळ दश्शी आहे असं त्याला वाटलं, आणि राणी दश्शीहून मोठी. त्यानं सगळे वायसर दोन्ही हातांनी मध्ये ढकलले. "ऑल इन," म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा फाटला. मी माझे वायसर पुढे सरकवले आणि चव्व्या उलटल्या. उरलेले दोन पत्ते पडले, त्यांनी काही बदललं नाही.

त्यानं माझ्या दोन चव्व्या उचलून पाहिल्या. मग म्हणाला, "ओढणी मुद्दाम केलीस ना?" मी हो म्हटलं. "बापरे आई," एवढंच बोलला आणि उठून तोंड धुवायला गेला. आतून नळाचा आवाज येत होता आणि मी वायसर माझ्याकडे ओढत होते. मुलगा वाचला म्हणून देवाला हात जोडायला हवे होते. खरं सांगते, त्या क्षणी मला मुलगा आठवलाच नाही. मला फक्त आनंद झाला होता, हातापायांत मुंग्या येतील असा आनंद, तसा मला पगारवाढीचा झाला नाही, घर झालं तेव्हा झाला नाही. मग माझे कान गरम लागायला लागले. मी उठून आरशात बघितलं नाही.

मुलानं शब्द पाळला. त्यानं माझ्यादेखत मित्राला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि कारणही खरं सांगितलं, लाजला नाही. बोनसमधून वडिलांना बूट आणि मला मिक्सर घेतला. पुढं काय करेल माहीत नाही, पण या दिवाळीला तो गेला नाही. हे पत्र कुठं धाडायचं नाही, लिहून झालं की चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात घालीन. ज्या गोष्टीसाठी लिहायला घेतलं ती मात्र अजून लिहिलीच नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी चकल्या तळत होते. मुलगा ओट्यावर बसून गरम गरम खात होता. फ्लॅटवरच्या मित्राचा फोन आला, त्यानं स्पीकरवर टाकला. पोरगा थट्टेखोर आहे. म्हणाला, "काकू, याला धुतलंत म्हणे तुम्ही. याची जागा रिकामी आहे, तुम्हीच या ना." मुलगा हसला, मीही हसले. कढईतली चकली उलटली आणि विचारलं, "किती वाजता बसताय?" पलीकडं मित्र मोठ्यानं हसला. मुलाचं हसणं मात्र थांबलं. त्यानं फोन बंद केला, हातातली चकली ताटलीत ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, गंमत केली." तो हं म्हणाला. आप्पा, मी गंमत केली नव्हती.